सासरेबुवांसाठी दोन रिळं

गळाच्या काठीला लावायचं रीळ विकत घेणं म्हणजे दुकानात जायचं, बोट दाखवायचं आणि पिशवीत घालून घरी यायचं, अशी कायेतानची त्या शनिवारी सकाळपर्यंत समजूत होती. दुपारी त्याला कळलं, की जगात गोड्या पाण्याची आणि खाऱ्या पाण्याची अशी दोन जातींची माणसं असतात, आणि दुर्दैवानं ती दोन्ही त्याच्याच मजल्यावर राहतात.

रीळ हवं होतं सासरेबुवांसाठी. आलोइझी त्यांचं नाव. जन्मभर ग्दान्स्क शहराच्या रस्त्यांवर ट्राम चालवलेला माणूस, आणि दर रविवारी पहाटे काठी खांद्यावर टाकून नदीवर जाणारा. हिवाळ्यात त्यांची बायको, गेर्त्रूदाबाई, गेली. मग लेकीनं, म्हणजे कायेतानच्या बायकोनं, इवोनानं त्यांना आपल्या घरी आणलं. तेव्हापासून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसले ते बसलेच. उंबरठा म्हणून ओलांडला नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." उशी देऊ का, हं. डॉक्टरांना बोलावू का, हं. खिडकी उघडू की लावू, तर त्यालाही हं. इवोना न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि बाहेर आल्यावर कांदा चिरत होते म्हणून सांगायची. न्हाणीघरात कांदा कोण चिरतं, हे विचारण्याची कायेतानची छाती नव्हती.

"बाबा असेच बसून राहिले ना, तर एक दिवस त्या खुर्चीतच संपतील," इवोना म्हणाली. "त्यांना मासे धरायला घेऊन जा. त्यांना जगात तेवढंच आवडतं."

सासरेबुवांचं जुनं सामान तळघरातल्या ओलीनं केव्हाच कुजून गेलं होतं, तेव्हा सगळं नवं घेणं आलं. आता कायेतान म्हणजे कोण, तर विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासणारा माणूस. कुणाच्या घरात पाणी शिरो, कुणाची मोटार खांबावर जावो, हा खाली शांतपणे लिहिणार, 'ग्राहकाचा निष्काळजीपणा.' आधी नीट विचार केला तर जगात कुठलाच अपघात होत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. माशांशी त्याचा संबंध ताटापुरता, आणि तिथेही काटे इवोना काढून द्यायची. पण विचार करायला काटे काढता यायची गरज नसते, असं त्याला वाटलं, आणि तिथूनच सगळी चूक झाली.

त्यांची इमारत समुद्रापासून जवळ, लाटेसारखी वळणं घेत लांबच लांब गेलेली. प्रत्येक मजल्यावर एक उघडी गॅलरी, आणि आपल्या दारापर्यंत पोचायचं तर वाटेत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांवरून जायचं. त्यामुळे कुणाकडे कोबी शिजतोय आणि कुणाकडे भांडण, हे कान न लावताही कळतं. कायेतान लिफ्टमध्ये उभ्या उभ्या रिळांची जाहिरात वाचत होता, एवढं कुणीतरी पाहिलं. तो दारात पोचेपर्यंत ब्रुनोकाका वाट अडवून उभे होते.

ब्रुनोकाका गोदीतून निवृत्त झालेले, खाऱ्या पाण्याचे. त्यांचं म्हणणं, मे महिना लागलाय, शेतात मोहरी पिवळी झालीय, म्हणजे बेलोना मासळी किनाऱ्याला आली. चोचीची, लांबुडकी, हिरव्या काट्यांची बेलोना सोडून आत्ता जो नदीवर जाईल तो वेडा. तेव्हा रीळ घ्यायचं ते मोठं, जाडजूड, मिठानं न गंजणारं. एवढ्यात शेजारचं दार उघडून तेओफिलराव आले. हे औषधांच्या दुकानातले, पक्के गोड्या पाण्याचे. म्हाताऱ्या माणसाला समुद्राचा वारा कशाला, त्याला नदीकाठची सावली हवी, रीळ लहान, हलकं, नाजूक हवं, असं ते म्हणाले. समुद्राचं रीळ नदीवर नेणं म्हणजे पळीनं डोळ्यात औषध घालणं, हेही वर ऐकवलं. ब्रुनोकाकांनी उत्तर दिलं, की तुमचं ते खेळणं एकदा समुद्रावर न्या, पुढच्या रविवारी दांडा फिरवायला हातोडा न्यावा लागेल. मग दोघांनी एकमेकांच्या आजवरच्या माशांची लांबी काढली आणि कायेतान मध्ये उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं मान हलवत राहिला.

शेवटी त्यानं प्रत्यक्ष सासरेबुवांनाच विचारलं, "बाबा, नदी की समुद्र?"

"हं," सासरेबुवा म्हणाले.

अर्जातल्या मोघम मजकुराचा अर्थ लावण्यात कायेतानची हयात गेलेली. 'नदी की समुद्र' याला 'हं' म्हणजे दोन्ही, असा त्यानं निकाल दिला.

दुकानातल्या बाईंनी त्याला पहिलाच प्रश्न केला, की दांडा उजव्या हाताचा हवा की डाव्या. त्यानंतर, मासा ओढायला लागला की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, किती सैल सोडायचा ते ठरवणारा ब्रेक पुढे हवा की मागे. मग बेअरिंग किती हवीत. कायेतानला एवढं कळलं, की इथे माहीत नाही म्हणणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून तो प्रत्येक प्रश्नावर डोळे बारीक करून थोडा वेळ थांबायचा आणि बाई ज्या वस्तूवर हात ठेवून असतील ती योग्य आहे असं म्हणायचा. बाई अनुभवी होत्या. त्या सगळ्यात महाग वस्तूवर हात ठेवूनच उभ्या राहिल्या. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे दोन रिळं होती, दोन काठ्या होत्या, नदीचा तंगूस, समुद्राचा तंगूस, शिशाचे गोळे, पाण्यावर तरंगणारी रंगीत बुचं आणि एक टोपी, जिचं कारण त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही.

निघताना बाई रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, "काठी मोडो तुमची."

"मनापासून आभारी आहे," कायेतान म्हणाला.

आणि दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. गळवाल्यांना शुभेच्छा द्यायच्या त्या अशा उलट्या, आणि घेणाऱ्यानं आभार म्हणून मानायचे नाहीत. 'आभार मानत नाही' असं तोंडावर सांगून चालू पडायचं, नाहीतर मासा तर सोडाच, शेवाळसुद्धा गळाला लागत नाही. हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कायेतानलाही ठाऊक होतं. पण त्याच्या आईनं त्याला तिकीट तपासनिसाचेसुद्धा आभार मानायला शिकवलेलं, आणि ते तोंडातून आपोआप निघतं. काउंटरशी उभ्या एका गृहस्थानं, मयतापुढे काढतात तशी, हळूच टोपी काढली. ही बातमी गॅलरीत कायेतानच्या आधी पोचली.

त्यानंतर परवाने. नदीचा वेगळा, समुद्राचा वेगळा, आणि नदीच्या परवान्याआधी गळ मंडळापुढे तोंडी परीक्षा. मंडळाची जागा तळघरात, आणि परीक्षक तीन. कायेताननं नियमांचं पुस्तक पाठ केलेलं, माशांची मापं, कुठला मासा कुठल्या महिन्यात धरायचा नाही, सगळं. पण मापापेक्षा लहान मासा लागला तर काय कराल, असं विचारल्यावर त्याची सवय आडवी आली आणि तो म्हणाला, दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करीन. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. पाण्यात परत सोडीन, असं उत्तर अपेक्षित होतं. तरी त्यांनी दयेनं पास केलं आणि अध्यक्ष म्हणाले, काठी मोडो. कायेताननं आभार मानले. अध्यक्षांनी परवाना त्याच्या हातातून परत घेतला, त्याला दाराबाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं आणि तो 'आभार मानत नाही' असं स्वच्छ शब्दांत म्हणाल्यावरच शिक्का मारला. या वयात असं वर्गाबाहेर जावं लागणं त्याच्या मनाला फार लागलं.

पण खरी शोभा झाली ती तंगूस रिळावर चढवताना. नवा तंगूस तसाच गुंडाळला तर त्याला पीळ पडतो. तो आधी लांबवर ताणून धरायचा आणि ताण ठेवून रिळावर घ्यायचा, यावर ब्रुनोकाका आणि तेओफिलराव यांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. एवढी लांब जागा म्हणजे गॅलरीच. कायेतान एका टोकाला काठी-रीळ घेऊन उभा राहिला आणि ब्रुनोकाका दुसरं टोक घेऊन लिफ्टपाशी गेले. समुद्राचा तंगूस बोटं कापतो, म्हणून त्यांनी ते टोक भिंतीशी उभ्या असलेल्या एका चाकांच्या पिशवीला बांधलं आणि ते कायेतानपाशी परत आले. पिशवी बटाट्यांनी भरलेली होती, चांगली जड होती, सगळं शास्त्राप्रमाणे होतं. फक्त ती लुत्सीनाबाईंची होती. लुत्सीनाबाई म्हणजे इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा. त्या कुणाशी तरी बोलत होत्या, ते बोलणं संपलं, त्यांनी पिशवी लिफ्टमध्ये ओढली आणि लिफ्ट खाली निघाली.

रीळ किंचाळायला लागलं. ब्रेक सैल करा, असं तेओफिलराव ओरडले. आवळा, असं ब्रुनोकाका ओरडले. कायेताननं दोघांचा मान राखला, आधी सैल केला आणि मग आवळला, आणि त्यासरशी तो घरातल्या सपातांवर गॅलरीतून घसरत निघाला. एकेका स्वयंपाकघराच्या खिडकीत एकेक चेहरा येत होता. त्याही परिस्थितीत तो ओळखीच्यांना नमस्कार करत होता, हे सांगितलं पाहिजे. ब्रुनोकाका मागून धावत सांगत होते, की सोडू नका, मोठा आहे. आपल्या घराच्या खिडकीवरून जाताना त्याला काचेमागे सासरेबुवा दिसले, आणि तोही चेहरा जरासा वळलेला दिसला. मग तंगूस लिफ्टच्या दाराच्या खाचेत जाऊन बसला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

दुरुस्तीवाला येईपर्यंत कायेतान बंद दाराला तोंड लावून लुत्सीनाबाईंची माफी मागत राहिला. त्या आतून फक्त बटाट्यांबद्दल बोलत होत्या, आणि ते बोलणं बटाट्यांबद्दल नव्हतं. दुसऱ्या दिवशी फलक लागला, की गॅलरीत मासे धरण्यास सक्त मनाई आहे. येणारा-जाणारा तो मोठ्यानं वाचत होता. या सगळ्यातून निष्पन्न एवढंच, की त्या दिवशी सासरेबुवा कुणी काही न विचारता एकदा "हं" म्हणाले. इवोनानं त्या एका 'हं'ला धरून त्याला रविवारी जायलाच लावलं.

नदी की समुद्र, हा तंटा कायेताननं स्वतःच्या बुद्धीनं मिटवला. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या दगडी बांधावर जायचं, म्हणजे एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि कुठल्याच रिळाचा अपमान नाही. इवोनानं वडिलांना लहान मुलासारखा कोट घातला, गुंड्या लावल्या, मफलर गुंडाळला. ते पार्सलसारखे निघाले. गॅलरीत दारोदारी लोक 'काठी मोडो' म्हणायला उभे, आणि कायेतान ओठ घट्ट मिटून चाललेला. शेवटच्या दारात लुत्सीनाबाई उभ्या होत्या. "काठी मोडो, आणि खरंच मोडो," त्या म्हणाल्या. बाईमाणूस आपणहून बोललं, राग विसरलं, याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं आभार मानून टाकले.

बांधावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि चांदीसारखी बेलोना धडाधड वर येत होती. कायेताननं सासरेबुवांना एका दगडावर बसवलं. लहान रिळाची काठी नदीच्या बाजूला टेकवून ठेवली, मोठ्या रिळाची हातात घेतली, पुस्तकातल्या चित्राप्रमाणे पाय फाकवले आणि सगळं बळ लावून गळ फेकला. गळ चांगला लांब गेला. त्याच्यामागून रीळही गेलं. ते काठीला धरून ठेवणारी कडी आवळायची राहिली होती. कायेतान हातात नुसती काठी धरून, पाण्यावर उठलेल्या गोल वर्तुळाकडे पाहत उभा राहिला. ग्राहकाचा निष्काळजीपणा, असं त्याच्या मनात स्वच्छ अक्षरांत उमटलं.

पण तंगूस अजून हाताशी होता. त्यानं तो धरून ओढायला सुरुवात केली. आता रीळ तळाशी, आणि त्याच्यावर आख्खा तंगूस. हा ओढतोय तसा तो खाली सुटतोय आणि वर येतोय. ओढता ओढता पायाशी ढीग झाला, ढीग घोट्यांपर्यंत आला, आणि रीळ काही येईना. शेजारचा गळवाला म्हणाला, की एवढं ओढल्यावर माझ्याकडे तर बोट आली असती. कायेतान मागे सरला, पाय ढिगात अडकला, एक पाय पाण्यात गेला, आणि सावरायला म्हणून त्यानं जिच्यावर हात टाकला ती नदीच्या बाजूची काठी निघाली. ती शांतपणे, रिळासकट, नदीत उतरली. एक रीळ समुद्राला, एक नदीला. न्यायाच्या दृष्टीनं बघाल तर वाटणी चोख झाली होती.

तो उठून बसला, एक बूट गायब, दोन्ही हात तंगुसात गुंतलेले, आणि सासरेबुवांकडे बघतो तर त्यांचे खांदे थरथरतायत, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी.  झटका आला म्हाताऱ्याला, इवोनाला काय सांगू, असं म्हणत कायेताननं गुंतलेल्या हातांनी फोन काढला, आणि फोनही गेला पाण्यात. त्यावर सासरेबुवांच्या तोंडून आवाज फुटला. ते हसत होते. मांडीवर थापा मारून, खोकत, थुंकत हसत होते.

"माफ करा बाबा," कायेतान म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं. "तुमच्यासाठी म्हणून केलं हो सगळं. तुम्हाला मासे धरायला आवडतं म्हणून."

"कुणी सांगितलं?" सासरेबुवा डोळे पुसत म्हणाले. "मला नाही आवडत मासे."

"पण तुम्ही दर रविवारी जायचात."

"गेर्त्रूदा हाकलायची मला. पहाटे पांघरूण ओढायची, म्हणायची, ऊठ, मेल्या, पायात पायात येतोस, जा कुठंतरी. मग मी काठी घेऊन नदीवर जायचो, झाडाला टेकून झोप काढायचो. आणि मुद्दाम उशिरा घरी जायचो. दारातच सुरू व्हायची ती. आख्खा जिना ऐकायचा." त्यांनी मफलर सैल केला. "मी त्यासाठी जायचो रे."

बाजूनं बेलोना वर येत होत्या, लोक बादल्या सरकवत होते. 

"आता इवोना विचारते, बाबा, उशी देऊ का," सासरेबुवा म्हणाले. "तू विचारतोस, बाबा, नदी की समुद्र. हिवाळ्यापासून मला कुणी एका शब्दानं ओरडलं नाही. असं हळू आवाजात कुणाशी बोलतात ठाऊक आहे? मेलेल्या माणसाशी. कधी कधी मलाच वाटतं, गेलो वाटतं मी, आणि यांना सांगायचं राहिलंय."

 इतके दिवस कायेताननं पुस्तकं वाचली, परीक्षा दिली, लिफ्ट अडकवली, आणि त्या खुर्चीपाशी जाऊन या माणसाला तुम्हाला काय होतंय हे काही विचारलं नव्हतं. निदान आता तरी ओरडावं म्हणून त्यानं छाती भरून श्वास घेतला. तोंडातून निघालं, "बाबा, आपण आता उठता का, प्लीज."

"नाही जमायचं तुला," सासरेबुवा समजूत घालत म्हणाले. "राहू दे."

परतीला सासरेबुवांनी ट्राम धरायला लावली, आणि उतरायच्या थांब्यावर उतरलेच नाहीत. चालवणाऱ्याच्या मागच्या बाकावर बसून ते दर वळणावर, ब्रेक आधी लावायचा असतो, असं मोठ्यानं पुटपुटत राहिले. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथून चिखलातून चालत गेले, जुन्या डेपोच्या फाटकापाशी उभे राहिले, आणि पुन्हा उलटी ट्राम. कायेतान एका बुटानं मागे मागे. घरी पोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती.

दार इवोनानंच उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. फोन लागत नव्हता, तिचं दोन इस्पितळांत विचारून झालं होतं. वडिलांना पाहताच तिनं तोच मऊ, दवाखान्यातला आवाज काढला, "बाबा, दमलात का? बसा हं." आणि सासरेबुवा चिखलाच्या बुटांनिशी तिच्या आत्ताच पुसलेल्या फरशीवरून सरळ आत निघाले. मागे चिखलाची एक रांग उमटत गेली. इवोनानं ती रांग पाहिली, नवऱ्याचा ओला मोजा पाहिला, आणि दिवसभराची भीती एकदम तिच्या तोंडाला आली.

"कुठे उलथला होतात दोघं? इथे मी जिवंत आहे की मेले याची आहे का कुणाला फिकीर? आणि बूट बघा, बूट! ही काय ट्राम आहे तुमची? या वयात एवढी अक्कल नाही, की फरशी ओली आहे?"

आणि ती थांबली. आपण कुणाला बोललो हे कळून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "बाबा," ती कशीबशी म्हणाली, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

सासरेबुवा तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कायेताननं मान खाली घातली.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "तुझी आई बुटांनंतर टोपीवर यायची."

 इवोनाला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती टोपीवर आली. टोपीवरून मफलरवर, मफलरवरून आईनं यांना कसं चाळीस वर्षं सहन केलं तिथपर्यंत, आणि तिथून नवऱ्यावर. शेवटी दोघांना ढकलत ढकलत तिनं गॅलरीत काढलं, बूट काढल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. दाराआडून तिचा आवाज येतच होता.

दोघे भिंतीला टेकून मोज्यांवर उभे होते. गॅलरीभर खिडक्या उघडत होत्या. ब्रुनोकाका बाहेर आले, तेओफिलराव आले, लांबून लुत्सीनाबाईंचीही मान दिसली. कायेतानला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरेबुवा मात्र ताठ उभे राहून डोळे मिटून ऐकत होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी अजून उशीर करू."